शिंगातला रोग आणि त्याच गाठीची लस

येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेस बैलगाड्यांचा राबता होता त्या काळी, येरमाळ्याच्या आमराईत सोडलेल्या जोड्यांमध्ये एखादा बैल मान एका अंगाला कलती ठेवून बुंध्यावर शिंग घासत उभा दिसे. त्याच्या एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव गळत असे, आणि एखादा जाणता शेतकरी शिंगाच्या मुळाशी हात लावून, ते हलते आहे असे पाहून, मुकाट्याने बाजूस होई. शिंगाचा कर्करोग तो हाच. ऐन उमेदीतल्या, पाच ते दहा वर्षांच्या बैलांना तो विशेष ग्रासतो. जोखडाचे घर्षण, पोळ्याला शिंगे साळून रंगविण्याची रीत, प्रखर ऊन, अशी त्याची नाना कारणे सांगितली गेली.

शिंग मुळापासून कापणे हा रूढ उपाय. परंतु आत अंश उरला की रोग उलटे. म्हणून १९७० नंतरच्या दशकात आपल्याकडील पशुवैद्यांनी एक विलक्षण प्रयोग केला: त्याच बैलाची कापलेली गाठ खलून, फिनॉलने निर्जीव करून, तिचा अर्क त्यालाच टोचावयाचा, जेणेकरून घरात दडलेला वैरी शरीराला ओळखता यावा. काही बैलांची गाठ ओसरली, काहींची पुन्हा उद्भवली. ऑस्ट्रेलियात अन्य जनावरांच्या गाठींपासून केलेला असाच अर्क गुरांच्या नेत्रकर्करोगावर वापरल्याचा वृत्तान्त १९८१ साली प्रसिद्ध झाला.

पुढे २००७ साली, कुत्र्यांच्या मुखातील मेलानोमा या कर्करोगावरील लशीला अमेरिकेत सशर्त आणि २०१० साली पूर्ण परवाना मिळाला. २०१९ पासून तेथे आठशेंहून अधिक निरोगी कुत्र्यांवर कर्करोग-प्रतिबंधक लशीची चाचणी सुरू झाली. तिच्यात अर्ध्या कुत्र्यांना लस आणि अर्ध्यांना केवळ निष्क्रिय द्रव टोचून, वर्षानुवर्षे प्रत्येकाची तपासणी करण्याची योजना होती. ही शिस्त मला त्या लशीहूनही मोलाची वाटते. कारण टोचून गावी परतलेल्या बैलाची पुढची हकीकत दप्तरात आल्यावाचून, गाठ लशीने ओसरली की शस्त्राने, हे कोणी सांगावे? आमच्या बैलांचीही तशीच नोंद व्हावयास हवी होती.

आज येरमाळ्याच्या शिवारात नांगरट ट्रॅक्टरने होते, बैल थोडे उरले आहेत. ज्यांच्या दावणीला ते आहेत त्यांना एवढीच विनंती, की शिंग हलू लागले, वा एका नाकपुडीतून रक्त दिसले, तर पेरणी आटोपण्याची वाट न पाहता जनावरास दवाखान्यात न्यावे. रोग शिंगापुरता आहे तोवरच शस्त्राचा खरा उपयोग होतो.