इअरफोनची सोयरीक

आमच्या भंडाऱ्यातल्या एका गृहस्थांनी वृद्ध वडिलांना भजने ऐकायला खिशातल्या जुन्या वादकयंत्रासाठी भारी इअरफोन आणला. डग्गा असा फुगला की शब्दच कळेनात! मग घरातलाच साधा, एका पडद्याचा इअरफोन लावला आणि म्हातारबुवा खूश झाले.

यंत्र खोटे नव्हते, इअरफोनही नव्हता. जोडा जमला नव्हता. विजेच्या वाटेतल्या अडसराला 'इम्पीडन्स' म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. इअरफोनचा अडसर यंत्राच्या निदान आठपट असावा, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. यंत्राचा २ ओहम असेल तर १६ चा इअरफोन चालतो. १० असेल तर ८० चा हवा. भारी इअरफोनमध्ये पुष्कळदा दोनतीन ध्वनिकारक असतात आणि त्यांचा अडसर सुरागणिक बदलतो. अशा वेळी यंत्राचा अडसरही मोठा असला, की काही सुरांना जास्त वीज मिळते, काहींना कमी.

नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या जमान्यातल्या बिनविजेच्या क्रिस्टल रेडिओला दोनेक हजार ओहमांचाच हेडफोन लागे. ट्रान्झिस्टरचा ८ ओहमांचा त्याला जोडला तर सारे सामसूम. आज उलटी तऱ्हा! ३०० ओहमांचा हेडफोन मोबाइलला लावा. आठपटीचा नियम पाळला जातो, पण व्होल्टेज पुरत नाही आणि गवई कुजबुजतो.

तेव्हा दिवाळीत चिरंजीवांसाठी इअरफोन घेताना खोक्यावरचा ओहमचा आकडा जरूर वाचा. बिनतारी घेत असाल तर ती यातायात नको. हा हिशेब कारखान्यातच झालेला असतो.