घाटाखालचं पाणी आणि काचेतले मासे

बुलढाणा जिल्ह्यात रंगीत माशांच्या दुकानात कोणी ‘मासे मेले’ म्हणत आलं, की जाणता दुकानदार आधी एकच विचारतो, ‘‘भाऊ, पाणी कुठलं?’’ नळाचं, विहिरीचं, बोअरचं की टँकरचं, यावर पुढचं सगळं बोलणं ठरतं. घाटावर बुलढाणा शहराला येळगावच्या धरणाचं पाणी येतं. घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यात गेलं की संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांत खारपाणपट्टा लागतो. तिथलं भूजल इतकं क्षारयुक्त, की मूत्रपिंडाच्या आजारांची धास्ती घरोघरी आहे. तिसरीकडे लोणारचं सरोवर. त्याच्या पाण्याचा पीएच १० च्या वर मोजला गेला आहे. एका जिल्ह्यात पाण्याच्या इतक्या तऱ्हा असताना मुंबई-पुण्याच्या दुकानांची नक्कल करून हा धंदा इथे चालत नाही.

दुकानात दिसणारे बहुतेक मासे दुरून आलेले असतात. या व्यापाराची मोठी केंद्रं म्हणजे कोलकाता आणि त्याच्या आसपासची गावं, चेन्नईचं कोळत्तूर, मुंबईतलं क्रॉफर्ड मार्केट. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं मुंबई-हावडा मार्गावरच आहेत, पण गाव रेल्वेवर असलं म्हणून माशांचा प्रवास सोपा होत नाही. पाठवण्याआधी त्यांना एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेत पाणी कमी घाण होतं. पिशवीत साधारण एक तृतीयांश पाणी, वर सिलिंडरमधला ऑक्सिजन, तोंडाला घट्ट रबर आणि सगळं थर्माकोलच्या खोक्यात.

खोकं उघडल्यानंतरचा अर्धा तास फार मोलाचा असतो. बंद पिशवीत माशांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी आम्लाकडे झुकतं. अशा पाण्यात माशांनी टाकलेला अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवीचं तोंड सोडलं की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. म्हणून पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्यायची. दोन्ही पाण्यांचं तापमान जुळलं की तोंड सोडायचं आणि मग रेंगाळायचं नाही. मासे जाळीने उचलून टाकीत घ्यायचे, पिशवीतलं पाणी मोरीत ओतायचं. क्षारयुक्त पाण्याचा पीएच मुळातच चढा, त्यामुळे घाटाखाली असं रेंगाळणं जास्त महागात पडतं.

नवा माल लगेच विक्रीच्या टाकीत सोडायचा नाही, हे दुसरं पथ्य. आठवडा-दोन आठवडे तो वेगळा ठेवला की आजार दिसून येतो. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले तर तो व्हाइट स्पॉट. हा परजीवी पाण्यात मोकळा पोहत असतो तेवढ्याच अवस्थेत औषध त्याला मारतं. ठिपके गेले म्हणून औषध थांबवलं की तो परत येतो. हे गिऱ्हाइकाला शांतपणे समजावून सांगणारा दुकानदार मला औषधाची बाटली खपवणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

नव्या टाकीची गोष्ट याहून अवघड. गिऱ्हाईक मुलाला घेऊन संध्याकाळी येतं, त्याला टाकी, खडे आणि मासे एकाच फेरीत हवे असतात. पण अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. ‘‘आज टाकी न्या, पाणी भरा, पंप चालू ठेवा, मासे नंतर,’’ असं म्हणणं म्हणजे हातातली विक्री पुढे ढकलणं. तरीही तेच म्हणायला हवं, कारण पहिल्याच आठवड्यात सगळे मासे गेलेलं घर पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश नेणारी घरंही खूप. त्यांच्याकडे मासा मेला की ‘घरावरचं संकट घेऊन गेला’ म्हणतात. मला या समजुतीचं वाईट वाटतं, कारण संकट टाकीतल्या पाण्यातच असतं आणि तिथे मात्र कोणी बघत नाही. गोल्डफिश भरपूर घाण करतो. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. त्यात नऊ गोल्डफिश म्हणजे त्यांचा छळ आहे. काचेच्या गोल भांड्यात मासे ठेवण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियमांनी बंदी आणली होती. ते नियम पुढे मागे घेतले गेले, भांडी अजून विकली जातात.

घाटाखालचा उन्हाळा म्हणजे या धंद्याची परीक्षा. २५ अंश तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅमच, आणि उष्णतेने माशांची गरज मात्र वाढते. त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद. बॅटरीवरचा पंप, पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा, टाकीत कमी मासे आणि कमी खाणं, एवढंच हाती असतं. फायटर मासा थेट हवेतूनही श्वास घेतो, म्हणून अशा दिवसांत तो तगून राहतो.

गप्पी मासा मात्र इथल्या लोकांना दुकानाच्या आधीपासून ठाऊक आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य विभाग तो हौदांत आणि डबक्यांत सोडतो. मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. मादी साधारण महिन्याने जिवंत पिल्लं देते. दुकानातले लांब शेपटीचे रंगीत गप्पी याच जातीतून निवडून वाढवलेले. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्लं देणाऱ्या माशांना जड पाणी मानवतं. मॉली तर हळूहळू सवय केली तर समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातही राहते. मऊ, किंचित आम्ल पाण्याचे निऑन टेट्रा आणि डिस्कस खारपाणपट्ट्यात विकणं मला अन्यायाचं वाटतं, माशांवर आणि गिऱ्हाइकावरही.

मोठे झालेले मासे परत घ्यायची तयारीही दुकानात हवी. शेवाळ खातो म्हणून नेलेला बोटभर सकर फूटभराचा झाला की लोक त्याला नदीत सोडतात. उजनीच्या जलाशयात तो पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी त्याच्या काटेरी परांनी फाटतात. आपल्या जिल्ह्यातल्या नळगंगा आणि खडकपूर्णा नद्यांवर तशी पाळी यायला नको.

मला खरी आशा पैदाशीची वाटते. जे पाणी पिण्याला आणि पिकाला नको, त्यात मॉली वाढू शकते, मग ती दीड हजार किलोमीटरवरून का आणायची? २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपन घटकाचा खर्च ३ लाख रुपये धरला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठरवलं आहे. विहिरीचं पाणी आधी तपासून घ्यावं, क्षार फार असतील तर पावसाचं साठवलेलं पाणी मिसळावं आणि सुरुवात काळ्या मॉलीच्या एकाच टाकीपासून करावी. पिल्लं वेगळी काढायला दुसरी टाकी महिन्याभरात लागतेच.