थुंकी नव्हे, बेडका

क्षयरोगाचा संशय आला की रुग्णाच्या हातात प्लास्टिकची डबी येते आणि “यात थुंकून आणा” एवढंच सांगितलं जातं. मग रुग्ण खरोखरच थुंकून आणतो.

गैरसमज : तोंडातली लाळही चालते.
लाळेत बहुधा काही सापडत नाही. जंतू असतात फुफ्फुसात. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून बेडका काढायचा. दोन ते पाच मिलिलिटर पुरे. हे नीट समजावून सांगण्याने किती फरक पडतो ते पाकिस्तानातल्या रावळपिंडीत दिसलं. तिथल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सूचना न मिळालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८ टक्के जणींच्या बेडक्यात जंतू सापडले, तर सूचना मिळालेल्यांपैकी १३ टक्के जणींच्या. औषध नाही, यंत्र नाही, फक्त समजावणं!

चारचौघांत खाकरून थुंकणं बायकांना अवघड जातं, हे आपल्याकडेही खरंच. म्हणून काहीजणी डबी घेऊन शौचालयात जातात. पण बंद जागेत खोकल्याने जंतू हवेत साचून राहतात, त्यामुळे नमुना उघड्यावर, इतरांपासून लांब द्यायचा असतो. मोकळ्या आवारात एक आडोसा उभा करायला फारसा खर्च येत नाही. तो अनेक ठिकाणी नसतो, हे मला तरी कोडंच वाटतं.

गैरसमज : रक्त तपासलं की झालं.
सुई टोचून घेणं बेडका काढण्यापेक्षा बऱ्याच जणांना सोपं वाटतं. पण रक्तातली प्रतिपिंडं पाहून क्षयाचं निदान करणाऱ्या चाचण्या इतक्या बेभरवशाच्या ठरल्या, की भारत सरकारने २०१२ साली त्यांच्यावर बंदी घातली. ‘इग्रा’ ही वेगळी रक्तचाचणी आहे. जंतूंचा संसर्ग झाला आहे का, एवढंच ती सांगते. आजार आहे की नाही, हे नाही.

गैरसमज : लहान मुलांची तपासणी होऊच शकत नाही.
मुलं बेडका गिळतात. म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातला द्रव काढतात. ते पाहणं आईबापांना नकोसं होतं. गिळलेले जंतू पुढे शौचातही उतरतात, त्यामुळे मुलांच्या शौचाचा नमुना जनुकीय चाचणीसाठी वापरायला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. मात्र तो ‘निगेटिव्ह’ आला म्हणून क्षय नाहीच, असं धरून चालत नाही.

हीच गोष्ट मोठ्यांचीही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला एका मिलिलिटरमध्ये हजारो जंतू लागतात. सीबीनॅट किंवा गोव्यातल्या कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट ही जनुकीय चाचणी त्याहून बऱ्याच कमी जंतूंतही क्षय पकडते. गाठीचा क्षय असेल तर बेडका उपयोगाचा नाही, गाठीतूनच सुईने नमुना घ्यावा लागतो.

आणि बेडका येतच नसेल, तर डबीत लाळ भरून देऊ नये. तसं सरळ सांगावं. मिठाच्या पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे देऊन तो काढता येतो.