धूळ, हवा आणि एकस्व

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. ही केरसुणी पहिल्यांदा कोणी बांधली हे कोणालाही ठाऊक नाही. तिची बांधणी माझीच, असे म्हणत कोणी न्यायालयात गेल्याचेही ऐकिवात नाही. परंतु याच केरसुणीचे काम विजेच्या आणि हवेच्या साहाय्याने करणारे जे यंत्र विसाव्या शतकात घरोघर पोहोचले, त्या व्हॅक्यूम क्लीनरचा इतिहास मात्र दावे, मनाईहुकूम आणि अपिले यांनी भरलेला आहे. धुळीसारख्या क्षुद्र वस्तूवरून मोठमोठ्या कारखानदारांनी एकमेकांना न्यायासनापुढे का खेचावे, याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधू लागले, म्हणजे कल्पनेची मालकी कोठे सुरू होते आणि कोठे संपते, या मोठ्या प्रश्नाशी आपण येऊन पोहोचतो.

पेटंट किंवा एकस्व हा मुळात राज्यसंस्था आणि संशोधक यांच्यामधील एक करार आहे. संशोधकाने आपली युक्ती लपवून न ठेवता ती इतकी स्पष्ट लिहून द्यावी, की त्या विषयातील जाणकाराला तेवढ्यावरून ती वस्तू बनविता यावी. त्याच्या मोबदल्यात काही ठराविक वर्षे दुसऱ्या कोणालाही ती युक्ती धंद्यासाठी वापरू न देण्याचा हक्क त्याला मिळतो. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची होते. मात्र हा हक्क मिळण्यासाठी युक्ती नवी असावी लागते, उपयोगी असावी लागते, आणि तिसरी अट सर्वांत कठीण आहे: त्या धंद्यातील सामान्य कुशल माणसाला ती सहज सुचण्याजोगी असता कामा नये. म्हणूनच एकस्वाच्या बहुतेक दाव्यांत दोन प्रश्न एकदम उभे राहतात. प्रतिवादीने वादीची युक्ती खरोखर घेतली काय, हा एक. आणि ती युक्ती मुळात एकस्वाला पात्र होती काय, हा दुसरा. चोरीचा आरोप ज्याच्यावर आहे, तो उलट विचारतो, की ही वस्तू तुझी होतीच कधी?

धूळ ओढून घेण्याची कल्पना एका रात्रीत जन्मली नाही. अमेरिकेत १८६९ मध्ये आयव्हज मॅकगॅफी यांनी हाताने फिरवायच्या एका झाडणयंत्राचे पेटंट घेतले होते. पुढे हवेच्या झोताने गालिच्यातील धूळ उडवून देणारी यंत्रेही निघाली. असे एक अमेरिकी यंत्र लंडनमध्ये पाहून ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनियरांच्या मनात आले, की धूळ फुंकून उडविण्याऐवजी आत ओढून का घेऊ नये? एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवून आणि त्याला तोंड लावून त्यांनी हवा ओढून पाहिली, तेव्हा रुमालावर धुळीचा डाग उमटला. १९०१ मध्ये त्यांनी आपले एकस्व घेतले. त्यांचे यंत्र घोडागाडीवर चढविलेले असे. ते रस्त्यावर उभे राही आणि त्याच्या लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात शिरत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने स्वच्छ केले गेले.

कीर्तीपाठोपाठ स्पर्धक आले, आणि स्पर्धकांपाठोपाठ खटले. आपल्या एकस्वाच्या रक्षणासाठी बूथ यांना आणि त्यांच्या कंपनीला वारंवार न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यांतला १९०७ चा एक वाद विशेष बोधप्रद आहे, कारण तो यंत्राविषयी नसून नावाविषयी होता. ब्रिटिश व्हॅक्यूम क्लीनर कंपनीने न्यू व्हॅक्यूम क्लीनर कंपनीवर फिर्याद केली, की हे नाव आमच्या नावाशी मिळतेजुळते असून त्यामुळे गिऱ्हाईक फसेल. न्यायालयाने ते मानले नाही. ‘व्हॅक्यूम क्लीनर’ हे शब्द एखाद्या कंपनीची ओळख सांगत नाहीत, तर यंत्र काय करते याचे वर्णन करतात, आणि वर्णनाचे साधे शब्द कोणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाहीत, असा त्या निर्णयाचा आशय होता. या यंत्राचे नाव अशा रीतीने सर्वांचे झाले.

यंत्र घरगुती झाले ते अमेरिकेत. ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर हे एका इमारतीत झाडलोटीचे काम करीत. त्यांना दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणारी धूळ त्यांच्या जिवावर उठली होती. विजेचा पंखा, फिरता ब्रश आणि कापडी पिशवी यांची जुळणी करून त्यांनी एक हलके यंत्र तयार केले. १९०८ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले आणि ते हक्क विल्यम हूवर यांच्याकडे गेले. हूवर यांच्या कारखान्याने त्या यंत्राचा एवढा प्रसार केला, की इंग्लंडमध्ये ‘हूवर’ हा शब्दच झाडण्याचे क्रियापद होऊन बसला.

या यंत्रातील कापडी पिशवी, आणि पुढे तिच्या जागी आलेली कागदी पिशवी, या कथेच्या केंद्रस्थानी आहे. पिशवीचे काम चाळणीचे: हवा बाहेर जावी आणि धूळ आत राहावी. पण बारीक धुळीचे कण पिशवीच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतात, हवेची वाट बंद होत जाते आणि यंत्राची ओढ मंदावते. पिशवी भरण्याच्या आधीच यंत्र थकते. कारखानदारांच्या दृष्टीने मात्र यात फारसे वाईट काही नव्हते. यंत्र एकदा विकले जाई. पिशव्या वर्षानुवर्षे विकल्या जात.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस जेम्स डायसन या इंग्रज अभिकल्पकांना आपल्या घरच्या यंत्राची ही दमछाक खटकली. लाकूड कापण्याच्या गिरण्यांत भुसा वेगळा करण्यासाठी चक्रवात-यंत्र, म्हणजे सायक्लोन, पूर्वीपासून वापरात होते. त्याचे तत्त्व सोपे आहे. धुळीने भरलेली हवा गोल भांड्यात कडेने वेगाने सोडली की ती भोवऱ्यासारखी फिरू लागते. जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाऊन खाली घसरतात आणि स्वच्छ झालेली हवा मधून वर निघून जाते. येथे चाळणी नाही, म्हणून तिची छिद्रे बुजण्याचा प्रश्नच नाही. अडचण अशी, की गिरणीतला भुसा एकसारखा असतो, तर घरातल्या केरात केस, धागे, कागदाचे कपटे आणि डोळ्यांना न दिसणारी धूळ असे सर्व एकत्र असते. डायसन यांनी त्यासाठी एकात एक अशी दोन भांडी योजली: बाहेरच्या भांड्यात मोठा कचरा पडावा, आणि खाली निमुळत्या होत जाणाऱ्या, टोक छाटलेल्या शंकूच्या आकाराच्या आतल्या भांड्यात वेग वाढून बारीक धूळ वेगळी व्हावी. हे साधण्यासाठी त्यांनी सुमारे पाच वर्षांत ५,१२७ नमुने बनविले. एका वेळी एकच फरक करायचा आणि पुन्हा चाचणी घ्यायची, अशी त्यांची पद्धत होती. या काळात घर चालले ते पत्नीच्या चित्रकलेच्या शिकवणीवर आणि कर्जावर.

युरोपातील मोठ्या कारखानदारांची दारे त्यांनी ठोठावली. करार कोणाशीही जमला नाही. अमेरिकेत ॲमवे कंपनीशी झालेला करार मोडला आणि पुढे त्याच कंपनीने चक्रवाताचे यंत्र बाजारात आणले, तेव्हा डायसन यांनी तिच्यावर दावा लावला. तो १९९१ मध्ये तडजोडीने मिटला. दरम्यान जपानमध्ये १९८६ मध्ये त्यांचे ‘जी-फोर्स’ हे यंत्र विकले जाऊ लागले होते. त्या उत्पन्नाच्या आधारावर १९९३ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने इंग्लंडमध्ये यंत्र काढले, आणि थोड्याच काळात ते तेथील विक्रीत सर्वांच्या पुढे गेले. हूवरच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर जाहीरपणे हळहळ व्यक्त केली, की ही युक्ती आपल्या कंपनीने विकत घ्यायला हवी होती. मग ती फळीवर पडून राहिली असती आणि वापरलीच गेली नसती. एकस्वाचे शस्त्र दोन्ही बाजूंनी कसे चालते, याचा यापेक्षा स्पष्ट कबुलीजबाब क्वचितच सापडेल.

१९९९ मध्ये हूवरने ‘ट्रिपल व्होर्टेक्स’ नावाचे, पिशवी नसलेले यंत्र आणले, आणि डायसन लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. हूवरचा बचाव दुहेरी होता. आमच्या यंत्राची रचना एकस्वात वर्णिलेल्या रचनेहून वेगळी आहे, हा एक भाग. दुसरा भाग अधिक गंभीर होता: चक्रवात-यंत्र एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे, धूळ ओढणारे यंत्रही सर्वांना माहीत आहे, मग या दोन जुन्या गोष्टी एकत्र आणण्यात कल्पकता ती कोणती?

हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण एखादी गोष्ट करून दाखविल्यानंतर ती सोपी वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि न्यायाधीशाला या भ्रमापासून स्वतःला जपावे लागते. त्याला स्वतःला त्या तारखेला, त्या धंद्यातील कुशल माणसाच्या जागी नेऊन बसवावे लागते. त्या जागेवरून पाहता न्यायालयाला असे दिसले, की त्या काळी हा सारा धंदा पिशवीच्या विचाराने व्यापलेला होता. पिशवीवाचून यंत्र असू शकते, ही कल्पनाच त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात नव्हती. इतकी वर्षे, इतका पैसा आणि इतके तज्ज्ञ हाताशी असताना जे कोणालाच सुचले नाही, त्याला ‘सहज सुचण्याजोगे’ कसे म्हणावे? ३ ऑक्टोबर २००० रोजी निर्णय डायसन यांच्या बाजूने लागला. ऑक्टोबर २००१ मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम केला.

यातील एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. डायसन यांच्या एकस्वाची मुदत जून २००१ मध्येच संपत होती. मुदत संपताच हूवरला मोकळे सोडले असते, तर हक्कभंग करून जी आघाडी तिने मिळविली होती, तिचा लाभ तिला आयताच झाला असता. म्हणून मुदतीनंतरही आणखी बारा महिने ते यंत्र विकू नये, असा मनाईहुकूम न्यायालयाने दिला. पुढे २००२ मध्ये हूवरने ४० लक्ष पौंड नुकसानभरपाई देण्याचे मान्य केले.

मात्र प्रत्येक सुधारणा एकस्वाला पात्र ठरत नाही, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका भांड्यांच्या प्रकरणात दाखवून दिले आहे. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या कारखान्याने १९५१ मध्ये पितळेची व जर्मन सिल्व्हरची भांडी कातण्यासाठी लेथवर घट्ट धरून ठेवण्याच्या युक्तीचे एकस्व मिळविले होते. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या प्रतिपक्षाने त्याला आव्हान दिले. न्यायालयाने ठरविले, की ही युक्ती म्हणजे जुन्याच साधनाचा नवा उपयोग, कारखान्यातील नेहमीची सुधारणा आहे. तिच्यात कल्पकतेचे पाऊल नाही. एकस्व रद्द झाले. लंडनच्या खटल्यात जुन्या दोन गोष्टींचा संयोग शोध ठरला, येथे ठरला नाही. फरक असा, की तेथे धंद्याच्या रूढ विचाराला बाजूला सारावे लागले होते. येथे रूढ विचार तेवढा एक पाऊल पुढे गेला होता.

डायसन यांनाही पुढे हा धडा उलट बाजूने मिळाला. आपल्या यंत्रातील केराचे पारदर्शक भांडे, आकार कोणताही असो, आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घ्यावे, अशी त्यांच्या कंपनीची मागणी होती. व्यापारचिन्हाला एकस्वासारखी अखेरची मुदत नसते. नूतनीकरण करीत ते अनंतकाळ राखता येते. २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती मागणी मान्य करण्यास नकार दिला. पारदर्शकता हा त्या वस्तूचा एक गुणधर्म आहे. त्याला चिन्ह म्हणता येत नाही, असे त्याने सांगितले. तसेच व्हॅक्स कंपनीने आपल्या यंत्राच्या बाह्य रूपाची नक्कल केली, हा त्यांचा दावाही २०११ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला. एकेकाळी बड्या कंपन्यांच्या दारी ताटकळलेला संशोधक आता स्वतः बडा वादी झाला होता. परंतु कायद्याने त्यांना दिले ते त्यांनी शोधले तेवढेच, त्याहून अधिक नाही.

आता घरात आपोआप फिरून केर गोळा करणाऱ्या यंत्रमानवांचे युग आले आहे, आणि त्यांच्यावरून अमेरिकेत नवे वाद झडले आहेत. यंत्र बदलले तरी न्यायासनापुढील दोन प्रश्न तेच राहिले.

भारतात एकस्वाची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे आहे. १९७० च्या मूळ कायद्यात ती सर्वसाधारणपणे चौदा वर्षांची होती. मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि कोलकाता येथील पेटंट कार्यालयांत अर्ज करता येतो. तो करणाऱ्याने एवढे ओळखून असावे, की एकस्व कागदावर मिळाल्याने झगडा संपत नाही. हक्क टिकविण्यासाठी वर्षोवर्षी शुल्क भरावे लागते आणि वेळप्रसंगी खर्चिक दावाही लढवावा लागतो. गरीब संशोधकाची खरी कसोटी तेथेच लागते. समाजाच्या बाजूने पाहिले तर हिशेब वेगळा दिसतो. डायसन यांच्या पहिल्या एकस्वाची मुदत संपून दोन तपे उलटून गेली, आणि आज अनेक कारखाने पिशवी नसलेली चक्रवाताची यंत्रे मोकळेपणाने बनवितात. काही वर्षे एकाला राखून ठेवलेली वस्तू नंतर सर्वांच्या हाती यावी, हाच त्या कराराचा हेतू होता.