वीज आली कोणत्या वायरीने?

वळवाच्या पावसात जवळच कुठेतरी कडाडतं, दिवे लुकलुकतात आणि सकाळी कॉम्प्युटर ढिम्म हलत नाही. दुकानात नेला की बहुतेक वेळा एकच निकाल ऐकायला मिळतो : “मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या.” खिशात हात घालण्याआधी वीज आत कोणत्या वाटेने शिरली ते पाहावं. जळालेला भाग बहुधा त्याच वाटेवर सापडतो.

त्यासाठी वीज घरावरच पडायला हवी असं नाही. एका विजेचा प्रवाह साधारण 30,000 अँपिअरच्या आसपास असतो. ती शेजारच्या नारळावर उतरली, तरी जवळून जाणाऱ्या तारांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. हा सगळा खेळ काही मायक्रोसेकंदांचा. एमसीबीला पडायला मिलिसेकंद लागतात. ती पडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. बटण बंद होतं यावरही विसंबू नये. बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात.

पहिली वाट प्लगची. तिथे सगळ्यात आधी सापडतो तो एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. त्याची तपासणी सोपी आहे. मदरबोर्डचा मोठा 24 पिनांचा कनेक्टर काढायचा, त्यातली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीला तारेच्या तुकड्याने जोडायची आणि मग प्लग लावायचा. पंखा फिरला तर मल्टिमीटर घ्यावा. पिवळ्या वायरीवर 12, लाल वायरीवर 5 आणि नारंगीवर 3.3 व्होल्ट यायला हवेत. पाच टक्क्यांचा फरक चालतो. पंखा जागचा हलला नाही, तर एसएमपीएसवर संशय घ्यायला हरकत नाही. पण त्याचा डबा घरी उघडू नये. आतला मोठा कपॅसिटर 300 व्होल्टहून जास्त दाब धरून असतो आणि प्लग काढल्यावरही तो लगेच उतरत नाही. मेकॅनिकने उघडला की मात्र वाकून पाहा : चिरलेली, काजळी धरलेली निळी चकती दिसेल. ती व्हॅरिस्टर. जास्तीचा दाब अंगावर घेऊन तिने जीव दिलेला असतो. शेजारच्या काचेच्या फ्यूजची तार नुसती तुटली नसेल, तर पार काळी पडली असेल. नशीब चांगलं असेल तर तेवढ्यावरच भागतं.

दुसरी वाट इंटरनेटच्या केबलची. लोक नेमकी हीच विसरतात. लॅन पोर्टमधला छोटा ट्रान्सफॉर्मर साधारण 1,500 व्होल्टपर्यंत आडकाठी करतो. त्यापुढे चिप जळते. कॉम्प्युटर सुरू होतो, पण पोर्टचा दिवा लागत नाही, अशी तक्रार असेल तर यूएसबीचं लॅन ॲडॉप्टर लावून काम भागतं; बोर्ड बदलायची गरज नाही. “आमच्याकडे फायबर आहे” हा दिलासाही अर्धाच. काच वीज वाहत नाही हे खरं, पण राउटरचा ॲडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्येच असतो आणि तिथून कॉम्प्युटरपर्यंत तांब्याचीच केबल येते.

एसएमपीएस ठीक असूनही मशिन उठत नसेल, तर हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, सगळं काढावं. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी ठेवून पाहावं. (ग्राफिक्स कार्ड काढल्यावर चित्र येईलच असं नाही; ते प्रोसेसरवर अवलंबून.) इथे कधीकधी गंमत होते : डिस्क काढताच मशिन चालू होतं! हार्ड डिस्कच्या हिरव्या पट्टीवर पॉवरच्या खाचेजवळ टीव्हीएस डायोड असतात. जादा दाब आला की ते शॉर्ट होतात आणि एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. जाणकार माणूस शॉर्ट झालेला डायोड उचकटतो आणि बऱ्याचदा डिस्क पुन्हा फिरते. आता तिला संरक्षण उरलेलं नसतं, म्हणून चांगल्या एसएमपीएसवर लावून आधी फोटो आणि कागदपत्रं उतरवून घ्यावीत. तशाच दुसऱ्या डिस्कची पट्टी लावण्याची शक्कल मात्र नव्या डिस्कवर सहसा चालत नाही. पट्टीवरच्या रॉम चिपमध्ये त्या एका डिस्कचीच माहिती असते.

दुरुस्तीनंतर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. अर्थिंग नसेल तर महागड्या स्पाइक गार्डचाही फारसा उपयोग नाही. शिवाय त्यातल्या व्हॅरिस्टरही दर धक्क्यागणिक झिजतात. दिवा लागतो म्हणजे संरक्षण शाबूत आहे असं समजू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप परिसरातल्या विजांची सूचना देतं, तेवढं मोबाइलमध्ये ठेवा. आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच कॉम्प्युटरचा आणि राउटरचा प्लग काढा, आणि हो, लॅनची केबलसुद्धा.