स्मृतिभ्रंश, सुजेच्या गोळ्या आणि जीवनसत्त्वे

▪ दाहशामक गोळी : अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात मेंदूत दाह असतो. मात्र नॅप्रोक्सेन व सेलेकॉक्झिब या सांधेदुखीवरच्या गोळ्यांनी हा आजार टळतो का, हे तपासणाऱ्या अमेरिकेतील ‘अडॅप्ट’ चाचणीत तसा फायदा दिसला नाही. सांधेदुखीची गोळी सांध्यांसाठीच घ्यावी.

▪ बी-१२ : याच्या कमतरतेनेही विस्मरण होते. ती रक्ततपासणीत कळते आणि गोळ्या-इंजेक्शनांनी भरून निघते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांच्या २००६ च्या पाहणीत पुणे परिसरातील ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले. वेदनाशामकाबरोबर दिली जाणारी पॅन्टोप्राझोल किंवा मधुमेहावरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास ते आणखी घटू शकते.

▪ ताटात काय : भात, लाखोरीची डाळ, पालेभाजी यांतून बी-१२ मिळत नाही. भंडारा जिल्ह्यातले तलावांचे आणि वैनगंगेचे मासे, तसेच अंडी, दूध, दही यांतून मिळते.

▪ ई : २०१४ मधील एका अमेरिकी चाचणीत रोज २००० युनिट घेणाऱ्या अल्झायमर रुग्णांची दैनंदिन कामांतली घसरण मंदावली. पण अ‍ॅस्पिरिन, वॉरफेरिन किंवा वेदनाशामक चालू असेल तर एवढ्या डोसाने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

▪ ड : अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम वाढते आणि रुग्ण अधिकच गोंधळतो.

▪ एवढे करा : घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, टॉनिक एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. मनाने गोळी सुरू किंवा बंद करू नका. ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन : १४५६७.