प्रोबेट गेलं, घेणेकरी राहिले

२०२५च्या डिसेंबरात संसदेनं भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ काढून टाकलं आणि मुंबईकरांच्या मागचं सक्तीच्या प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचं, शुक्लकाष्ठ सुटलं. वारस खूश, सोसायटीचे सेक्रेटरीही खूश. पण गेलेल्या माणसाकडून ज्यांचं येणं बाकी आहे, त्यांचं काय? त्यांची आठवण फारशी कोणी काढली नाही.

१९२५च्या या कायद्यानं मात्र त्यांची रांग लावून ठेवली आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. सर्वांत आधी अंत्यविधीचा खर्च, तोही माणसाच्या ऐपतीला साजेसा. त्याच्याच जोडीला शेवटच्या आजारपणातलं डॉक्टरांचं बिल आणि मृत्यूआधीच्या महिनाभराचा राहण्या-जेवण्याचा खर्च. मग कोर्टकचेरीचा खर्च. त्यानंतर नंबर घरच्या नोकराचा आणि मजुराचा! मृत्यूआधीच्या तीन महिन्यांत केलेल्या कामाचा त्यांचा थकलेला पगार आधी चुकता करायचा. क्रेडिट कार्डवाली बँक, हातउसने देणारा मित्र, वाण्याची उधारी हे सगळे त्यांच्या मागे. स्वयंपाकाच्या बाईंना बँकेच्या पुढे उभं करणारं हे कलम ३२२ माझं लाडकं आहे. बाईंना ते कोणी सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

बाकीचे घेणेकरी सारखेच. उरले सहा लाख आणि देणं बारा लाख असेल, तर प्रत्येकाला रुपयाला आठ आणे. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या एक्झिक्युटरचं स्वतःचं येणं असेल तर त्यालाही तेवढंच. फ्लॅट तारण ठेवून कर्ज देणारी बँक या रांगेत नसते, ती फ्लॅटवरूनच वसूल करते. मृत्युपत्रात ज्यांची नावं आहेत ते सगळ्यांत शेवटी.

प्रोबेट घेतलं की सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशेब कोर्टात द्यावा लागतो. किती जण तो वेळेवर देत, हे विचारू नये. तरी घेणेकऱ्याला डोकावायला एक खिडकी होती. आता प्रोबेटच नाही घेतलं, तर तीही नाही. शहाण्या एक्झिक्युटरनं म्हणून रीतसर जाहीर नोटीस द्यावी, मुदत संपू द्यावी, मगच वाटप करावं. त्यानंतर एखादा अनोळखी घेणेकरी उगवला तर एक्झिक्युटरच्या खिशाला हात लागत नाही. ज्यांनी वाटा नेला त्यांच्याकडून मात्र घेणेकरी तो परत मागू शकतो.

आणि वसुलीवाले दारात येऊन ‘बापाचं कर्ज मुलानं फेडायचं असतं’ असं ऐकवू लागले, तर त्यांना २००५ची हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती दाखवावी. त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्माच्या नावाखाली मुलावर दावा चालत नाही. मुंबई इलाख्यात तर १८६६च्या कायद्यानंच वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरती ठेवली होती. मुलानं कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही केलेली असेल, तर मात्र ते त्याचं स्वतःचं देणं.